सॅल्मन मोजतात ते कसं आणि कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात सिॲटलजवळच्या इसाक्वाच्या हॅचरीपाशी (अंडी उबवून माशांची पिल्लं वाढवतात ती जागा) मासे बघायला गर्दी होते, त्यात रेडमंड-सॅमामिशकडची मराठी मंडळी भरपूर असतात, आणि मी ओढ्यात सॅल्मन मोजायला जाणाऱ्या व्हॉलंटियर्सपैकी आहे कळलं की तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी शास्त्रज्ञ नाही, त्यांच्या मागून बादल्या आणि वह्या घेऊन फिरणारा माणूस आहे. बहुतेक गोष्टी सिॲटल आणि त्याला लागून असलेल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या आहेत, मधेमधे कॅनडा-अलास्काही येईल.

प्रश्न: सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना?

नाही हो. मुंबईत मेनूकार्डावर रावसाला 'इंडियन सॅल्मन' लिहितात त्यामुळे हा घोळ झालाय. रावस पूर्ण वेगळ्या कुळातला, उबदार समुद्रातला आणि खाड्यांतला मासा. पॅसिफिक सॅल्मन थंड पाण्याचा, गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि परत आपल्याच नदीत येऊन अंडी घालून मरतो. इथे पाच जाती आहेत, चिनूक (यालाच किंग म्हणतात), कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. चवीला मला अजून रावसच आवडतो पण ते असो.

प्रश्न: पण मोजायचंच कशाला? आहेत तर आहेत.

चिनूकची एक मादी साधारण चार-पाच हजार अंडी घालते. त्यातून मोठे होऊन परत येणारे फक्त दोन निघाले तरी संख्या टिकते, म्हणजे बाकीचे सगळे कुठे ना कुठे मरणारच आहेत आणि त्यात काही वावगं नाही. प्रश्न एवढाच की कुठे मरतात. हिवाळ्याच्या पुरात खडीखालची अंडी वाहून गेली, की उन्हाळ्यात ओढा तापला, की खाडीत लपायला जागा उरली नाही, की समुद्रात खायलाच नव्हतं, की परत येताना शहरातल्या घाण पाण्याने मेले? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि एकही स्वस्त नाही. नुसते परत आलेले मासे मोजले तर शेवटचा आकडा कळतो, वाट कुठे लागली ते कळत नाही. म्हणून पिल्लं जाताना मोजायची, किनाऱ्यालगत मोजायची, आणि मोठे मासे परत येताना पुन्हा मोजायचे. माझ्या मते या सगळ्या कामातली खरी गोष्ट हीच आहे, बाकी तंत्र.

दुसरं कारण कायद्याचं. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे, स्टीलहेड (हाही सॅल्मनचाच भाऊबंद) २००७ पासून. शिवाय १९७४ साली जज्ज जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की जुन्या करारांप्रमाणे इथल्या आदिवासी जमातींना पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा मिळालाच पाहिजे. आता 'पकडण्याजोगे' किती हे ठरवायचं तर आधी एकूण किती येणार याचा अंदाज पाहिजे, आणि तो अंदाज मागच्या वर्षांच्या मोजणीवरून निघतो. त्यामुळे या आकड्यांवर लोकांची पोटं आहेत, राज्य सरकार आणि जमाती दोघं मिळून हे काम बघतात आणि आकड्यांवरून वादही होतात.

प्रश्न: ओढ्यात मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

चालतात. खरंच, बहुतेक काम चालण्याचं आहे. ठरलेला पट्टा असतो, अमक्या पुलापासून तमक्या पुलापर्यंत, आणि अंडी घालायच्या हंगामात साधारण दर सात ते दहा दिवसांनी तो पट्टा दोघांनी मिळून पार करायचा, छातीपर्यंत येणारे वेडर्स (पाणी आत न शिरणारी विजार) घालून, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा लावून कारण त्याशिवाय पाण्यावरच्या चकाकीत काहीही दिसत नाही. जिवंत मासे मोजायचे, मेलेले मोजायचे, आणि रेड मोजायचे. रेड म्हणजे मादीने शेपटीने खडी उडवून केलेला खड्डा, त्यात अंडी घालून ती वरून परत खडी लोटते. ताजा रेड लगेच ओळखू येतो, आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट असतात आणि तेवढाच भाग धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. महिन्याभराने तोच रेड शोधून दाखवा म्हटलं तर अनुभवी माणूसही डोकं खाजवतो, म्हणून शेजारच्या फांदीला रंगीत फीत बांधून तारीख लिहितात आणि जीपीएसवर नोंद करतात.

पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी मोजणी करत नाहीत, किंवा केली तर पाण्यात किती खोलवर दिसत होतं तेही लिहितात. 'काही दिसलं नाही' आणि 'काही नव्हतं' यातला फरक वहीत राहिला नाही तर पुढे ऑफिसात बसलेला माणूस दोन्हीला शून्यच धरणार. पाणी स्वच्छ असताना आलेला शून्य मात्र चांगला डेटा आहे. नवीन व्हॉलंटियर हिरमुसतात, एवढं चालून काहीच नाही म्हणून, पण तो शून्य लिहायलाच हवा.

प्रश्न: मग एकच मासा दोनदा मोजला जात असेल ना?

जातोच. या आठवड्यात दिसलेला मासा पुढच्या आठवड्यातही तिथेच असू शकतो. त्यामुळे सगळ्या फेऱ्यांची नुसती बेरीज करत नाहीत. हंगामभराच्या मोजण्यांचा आलेख काढतात, त्याखालचं क्षेत्रफळ काढतात, आणि एक मासा ओढ्यात सरासरी किती दिवस जिवंत राहतो त्याने भागतात. ते दिवस जातीप्रमाणे आणि ओढ्याप्रमाणे बदलतात, आणि ते चुकले की सगळंच उत्तर चुकतं. चिनूकसाठी बऱ्याच ठिकाणी रेडवरूनच हिशोब होतो, इथे वॉशिंग्टनमध्ये एका रेडमागे अडीच मासे धरायची पद्धत आहे. अडीच का, तर एक मादी आणि तिच्यामागे सरासरी दीड नर. हसू येतं पण चालतं. मेलेल्या माशाची शेपूट कापून ठेवतात, म्हणजे पुढच्या फेरीत तोच परत मोजला जात नाही.

प्रश्न: मेलेल्या माशांत काय बघण्यासारखं असतं? वास येत नाही का?

येतो, भयंकर येतो, आणि घरी गेल्यावर बायको गॅरेजच्या पुढे येऊ देत नाही. पण सगळ्यात जास्त माहिती या सडक्या माशांतच असते.

आधी नर की मादी, मग लांबी. मादी असेल तर पोट चिरून बघायचं की अंडी घातली का तशीच आहेत. हे फार महत्त्वाचं, कारण पोटभर अंडी घेऊन मेलेली मादी मोजणीत 'परत आली' म्हणून धरली जाते पण पुढच्या पिढीत तिचा वाटा शून्य. मग पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो तो आहे का कापलाय ते बघायचं. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर मुद्दाम कापतात, म्हणजे कापलेला दिसला तर हॅचरीचा, शाबूत असला तर बहुतेक जंगली. बहुतेक, कारण हॅचरीची काही पिल्लं न कापताच सोडतात. मग डोक्याजवळून एक डिटेक्टर फिरवतात, त्याने आवाज केला तर नाकाडात जेमतेम १.१ मिलिमीटर लांबीची तार आहे, तिच्यावर कोड असतो आणि तो मासा कुठल्या हॅचरीतून कुठल्या साली सोडला ते त्यावरून कळतं. अशी डोकी कापून पिशवीत भरून लॅबला जातात. खवले घेतात, त्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात त्यावरून वय मोजतात, किती हिवाळे गोड्या पाण्यात काढले आणि किती समुद्रात तेही समजतं. कानातला छोटा खडाही काढतात. काही हॅचऱ्या अंडी असतानाच पाण्याचं तापमान ठरवून वरखाली करतात, त्याने त्या खड्यावर पट्टे उमटतात आणि ते आयुष्यभर राहतात, म्हणजे न कापता, न टोचता शिक्का बसला. मला वैयक्तिक ही युक्ती सगळ्यात भारी वाटते.

हे सगळं झाल्यावर मासा परत ओढ्यातच टाकायचा. अस्वलं, गरुड, किडे, काठावरची झाडं सगळ्यांना ते समुद्रातून आलेलं खत लागतं, आणि पुढच्या वर्षीची पिल्लंही त्यावर वाढलेले किडेच खातात.

प्रश्न: मोठ्या नद्यांत कसं मोजणार? तिथे तर चालता येत नाही.

धरण असेल तर सोपं, माशांसाठी पायऱ्या केलेल्या असतात आणि त्यांच्या खिडकीपाशी माणूस बसून मोजतो. कोलंबिया नदीवर बॉनविल धरणाशी १९३८ पासून मोजणी चालू आहे आणि रोजचे आकडे कोणालाही ऑनलाइन बघता येतात. सिॲटलला बॅलर्ड लॉक्सलाही (तळं आणि समुद्र यांमध्ये बोटी वरखाली नेणारे पाण्याचे दरवाजे) अशाच पायऱ्या आहेत, तिथून सॉकाय, चिनूक, कोहो वर लेक वॉशिंग्टनकडे जातात.

अलास्कात ब्रिस्टल बेच्या नद्यांवर मचाण बांधलेलं असतं, त्यावरून दर तासातली दहा मिनिटं एका काठाचे मासे मोजतात आणि सहाने गुणतात. ऐकायला कामचलाऊ वाटतं, पण पाणी काचेसारखं असतं आणि पद्धत कित्येक दशकं बदललेली नाही, त्यामुळे वर्षांची तुलना करता येते. कॅनडातल्या फ्रेझरसारख्या गढूळ नदीत सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्यातलं 'बघणारं' यंत्र) लावतात. सोनारमध्ये माशाचा आकार दिसतो, जात दिसत नाही, मग सोबत जाळं टाकून कुठल्या जातीचे किती प्रमाणात आहेत ते बघावं लागतं.

प्रश्न: आणि पिल्लं? ती तर बोटाएवढी असतात.

त्यासाठी नदीत तरंगता सापळा लावतात, स्क्रू ट्रॅप. मोठा जाळीदार शंकू प्रवाहाच्या जोरावर फिरत राहतो, त्यात शिरलेली पिल्लं मागच्या पेटीत जमा होतात, रोज सकाळी (पूर आला की रात्रीसुद्धा) जाऊन ती काढायची, जात बघून मोजायची आणि सोडून द्यायची. आता हा सापळा नदीच्या छोट्या भागातच असतो, मग एकूण किती गेली ते कसं कळणार? तर पकडलेल्यांपैकी समजा ५०० पिल्लांना रंग लावून किंवा पराचं टोक कापून नदीत वरच्या अंगाला नेऊन परत सोडली आणि त्यातली ५० पुन्हा सापळ्यात आली, तर सापळा दहातलं एक पकडतो. मग हंगामात २,००० मिळाली असतील तर एकूण साधारण २०,००० गेली. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. पाणी वाढलं की हे प्रमाण बदलतं म्हणून ही रंगवारंगवी हंगामभर परत परत करावी लागते.

थोड्या मोठ्या पिल्लांच्या पोटात पिट टॅग टोचतात, १२ मिलिमीटरची काचेची नळी, बॅटरी नाही, अँटेनाजवळून मासा गेला की नंबर उमटतो. असा टॅगवाला मासा दोन-तीन वर्षांनी त्याच नदीत परत आलेला स्क्रीनवर दिसला की सगळ्या टीमला पार्टी झाल्यासारखं वाटतं.

प्रश्न: नदी-ओढ्याचं समजलं, समुद्रकिनाऱ्याजवळ कशाला मोजायचं?

कारण इथलं बरंच रहस्य तिथेच आहे. पिंक आणि चमची पिल्लं खडीतून बाहेर आली की जवळपास लगेच समुद्राकडे निघतात, आणि चिनूकचीही बरीच पिल्लं काही महिन्यांतच खाडीत उतरतात. तेव्हा ती इतकी छोटी असतात की खोल पाण्यात गेली तर कोणीही गिळेल. म्हणून ती अगदी काठाकाठाने, गुडघाभर पाण्यातून, खारफुटीसारखी झाडं इथे नाहीत पण खाऱ्या दलदली आणि समुद्री गवत आहे त्यातून लपत छपत, खात खात मोठी होतात.

मोजायची पद्धत कोकणातल्या माणसाला शिकवावी लागणार नाही, रापणच आहे ती. छोट्या बोटीतून जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकं काठावरून ओढायची. फरक एवढाच की इथे मासा मेला तर रिपोर्ट लिहावा लागतो. जाळं पूर्ण बाहेर काढतच नाहीत, पाण्यातच ठेवून पिल्लं हळूच बादलीत घेतात, मोजतात, काहींची लांबी घेतात, काहींना पाण्याची बारीक धार देऊन पोटातलं खाणं बाहेर काढून बघतात (मासा जिवंत राहतो) आणि सोडतात. भरती-ओहोटी बघूनच जावं लागतं, चुकीच्या वेळी गेलात तर चिखलात अडकून बसाल.

प्युजेट साउंडला मिळणाऱ्या स्कॅजिट नदीच्या मुखाशी असं वर्षानुवर्षं केल्यावर एक गोष्ट पुढे आली. नदीतून पिल्लं भरपूर येत होती, पण शेतीसाठी बांध घालून मुखाजवळची बरीच दलदल पूर्वीच तोडून टाकली होती. त्यामुळे जास्त पिल्लं आली की जागा पुरायची नाही आणि लहान असतानाच ती बाहेर खाडीत ढकलली जायची. ओढ्यात अजून अंडी घालून घेऊन या अडचणीवर काय उपयोग होणार? मग काही ठिकाणी बांध मागे सरकवून पाणी परत आत घेतलं. नदी, मुख आणि बाहेरची खाडी अशा तिन्ही जागी मोजलं म्हणून हे कळलं, एकाच जागी मोजून कळलं नसतं.

दुसरा विषय भिंतींचा. प्युजेट साउंडच्या चौथ्या भागापेक्षा जास्त किनाऱ्याला भिंत किंवा दगडी बंधारा आहे, आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारे बांधतात तसेच. त्याने वरून येणारी वाळू-खडी थांबते, सावली देणारी झाडं जातात, आणि स्मेल्टसारखे छोटे मासे भरतीच्या वरच्या रेषेला वाळूत अंडी घालतात ती उन्हात भाजतात. हे छोटे मासे सॅल्मनचं खाणं. सिॲटल शहराने एलियट बेची जुनी भिंत नव्याने बांधली तेव्हा वरच्या फुटपाथमध्ये काचेचे ठोकळे बसवले, खाली पाण्यात उजेड जावा म्हणून, कारण पिल्लं गोदीच्या काळोखात शिरायला कचरतात. पिल्लं खरंच तिथून जातात का हे बघायला युनिव्हर्सिटीची माणसं स्नॉर्कल लावून भिंतीच्या कडेने पोहत मासे मोजतात. तुम्ही वरून आइस्क्रीम खात चालता तेव्हा पायाखाली हे चालू असू शकतं.

प्रश्न: पाऊस पडला की कोहो मरतात ही अफवा आहे का?

नाही, खरं आहे, आणि ते मेलेले मासे मोजणाऱ्यांमुळेच उघडकीस आलं. सिॲटलमध्ये लाँगफेलो क्रीकसारखे ओढे साफसूफ करून, झाडं लावून सॅल्मनसाठी तयार केले, कोहो आलेही. आणि मग पहिल्या-दुसऱ्या मोठ्या पावसात पाण्यावर येऊन आ वासायला लागले, तोल जाऊन गोल फिरायला लागले, काही तासांत मेले. माद्यांची पोटं चिरली तर अंडी जशीच्या तशी. काही ओढ्यांत अर्ध्याहून जास्त कोहो असे जायचे, काही वर्षी त्याहूनही वाईट. गंमत म्हणजे त्याच पाण्यात चमला फारसं काही होत नव्हतं.

रोग नाही, तापमान नाही, ऑक्सिजन नाही, नेहमीची कीटकनाशकं नाहीत, एकेक करून सगळं बाद झालं. शेवटी वॉशिंग्टनमधल्या विद्यापीठांच्या टीमने डिसेंबर २०२० मध्ये उत्तर जाहीर केलं. गाड्यांच्या टायरमध्ये रबर टिकावं म्हणून सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन सिक्स-पीपीडी-क्विनोन बनतं आणि ते रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं. फार थोडं असलं तरी कोहोला पुरतं. चांगली बातमी ही की तेच पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तर कोहो वाचतात. वाईट बातमी ही की टायरमध्ये त्याऐवजी काय घालायचं ते अजून शोधतायत.

प्रश्न: हॅचरीत लाखो पिल्लं वाढवतात ना, मग टेन्शन काय?

हॅचरीमुळे पकडायला मासे मिळतात, जमातींचा वाटाही बराचसा त्यावर चालतो, त्यामुळे मी हॅचरीच्या नावाने बोटं मोडणार नाही. पण टाकीत वाढलेला मासा टाकीत जगायला तयार होतो, आणि तो ओढ्यात जाऊन जंगली माशांशी जोडी जमवतो तेव्हा पिढ्यान्पिढ्या त्या एकाच ओढ्याशी जमवून घेतलेले गुण पातळ होतात. म्हणून ते कापलेले पर मोजायचे. एखाद्या ओढ्यात भरपूर मासे दिसतात आणि त्यातले बहुतेक हॅचरीचे निघतात, तेव्हा वरचा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नसतो.

प्रश्न: या वर्षी खूप आले असं बातमीत होतं. म्हणजे सुधारलं ना?

एका वर्षावरून काही सांगू नका. फ्रेझर नदीत २००९ साली एक कोटीच्या वर सॉकाय येतील असा अंदाज होता, आले जेमतेम १५ लाख. एवढा गदारोळ झाला की कॅनडा सरकारने चौकशी आयोग बसवला. आणि पुढच्याच वर्षी, २०१० ला, त्याच नदीत जवळपास तीन कोटी आले! सॉकाय बहुतेक चार वर्षांनी परत येतो, म्हणून फ्रेझरच्या ॲडम्स उपनदीत दर चौथं वर्ष जोरात असतं. पिंक बरोबर दोन वर्षांचा, आणि प्युजेट साउंडमध्ये तो विषम वर्षी येतो, त्यामुळे २०२५ ची तुलना २०२४ शी करणाऱ्याला आधी कॅलेंडर द्या. तुलना करायची तर त्या जातीच्या चक्राप्रमाणे, आणि निदान दोन-तीन पिढ्यांची. यामुळेच मधे दोन वर्षं पैसे नाहीत म्हणून मोजणी बंद केली की फार नुकसान होतं, तो खड्डा नंतर भरून काढता येत नाही.

प्रश्न: आता कॅमेरे आणि एआय आहेत, माणसं कशाला लागतात? (हा प्रश्न विचारणारे सगळे सॉफ्टवेअरवाले असतात)

सोनारचे तासन्‌तासांचे व्हिडिओ बघायला एआय वापरायला सुरुवात झालीय आणि ते काम त्याने घ्यावंच, डोळे फुटतात. पाण्यातल्या डीएनएवरून इथे कोहो आहे की नाही हे बाटलीभर पाण्यातून कळतं, दुर्गम ओढ्यांसाठी भारी आहे. पण मादीने अंडी घातली का, पर कापलाय का, वय किती, हे बाटली सांगत नाही. शिवाय नवीन पद्धत आली की काही वर्षं जुनी आणि नवी बरोबर चालवावी लागते, नाहीतर आकडा बदलला तो माशांमुळे की मशीनमुळे हे कसं ठरवणार?

प्रश्न: धरण पाडलं की सॅल्मन खरंच परत येतात?

येतात. वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली, सुमारे शंभर वर्षं अडलेली नदी होती ती, आणि आता तिथे मासे सोनारने मोजतात. ओरेगॉनमधून कॅलिफोर्नियात उतरणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये संपलं आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक वर ओरेगॉनपर्यंत पोचलेले दिसले. धरणाने मासा अडतो हे आपल्यालाही नवीन नाही, १९७५ ला बंगालमधला फराक्का बंधारा झाल्यावर गंगेत वरच्या अंगाला हिलसा किती कमी झाला ते बिहार-उत्तर प्रदेशातल्या जुन्या मच्छीमारांना माहीत आहे.

प्रश्न: आम्हाला येता येईल का? मुलांना, कुत्र्याला आणलं तर चालेल?

मुलांना जरूर आणा. पाण्यात उतरून मोजणी, जाळी, सापळे हे मात्र परवान्याशिवाय करता येत नाही, संकटग्रस्त मासा आहे, हात लावणंसुद्धा गुन्हा होऊ शकतो. त्यामुळे आपल्या काउंटीचा किंवा शहराचा व्हॉलंटियर कार्यक्रम बघा, ट्रेनिंग देतात. बघायला आलात तर काठावरच राहा, त्या स्वच्छ धुतल्यासारख्या खडीवर पाय दिला तर खाली हजारो अंडी आहेत, आणि दगड फेकून मासा हलवू नका (मोठी माणसंही करतात हे). कुत्र्याला पट्ट्यावरच ठेवा. कच्चा सॅल्मन खाल्ला तर त्यातल्या परजीवीमुळे कुत्र्याला जीवघेणा आजार होतो, आणि काठावर मेलेले मासे पडलेलेच असतात. खाल्लाच तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

कधी जायचं म्हणाल तर बॅलर्ड लॉक्सच्या खिडकीत जुलैत सॉकाय, ऑगस्टात चिनूक, सप्टेंबरात कोहो. इसाक्वाला सप्टेंबर-ऑक्टोबर. रेंटनला सीडर नदीत ऑक्टोबरात लाल झालेले सॉकाय. आणि गर्दी नको असेल तर नोव्हेंबरात कार्कीक पार्कमध्ये पायपर्स क्रीकला चम बघायला जा, पाऊस असणारच, रेनकोट आणि घसरणार नाहीत असे बूट घाला.